केपटाऊन ते पोर्ट एलिझाबेथ: स्वतः गाडी चालवताना

प्रश्न: दक्षिण आफ्रिकेच्या या किनाऱ्यासाठी ऑक्टोबरअखेर दहा दिवस हाताशी आहेत. सुरुवात केपटाऊनपासून करावी की पोर्ट एलिझाबेथपासून?

पोर्ट एलिझाबेथपासून (२०२१पासून याचं अधिकृत नाव गेबेऱ्हा). गाडी डावीकडून चालवायची असल्याने पश्चिमेकडे जाताना समुद्र आपल्या बाजूला येतो. बघायला थांबायचं तर समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. तोटा एकच, दुपारनंतर ऊन डोळ्यांवर येतं. म्हणून मोठे टप्पे सकाळीच उरका.

एन-टू हायवेने अंतर साधारण साडेसातशे किलोमीटर आहे, पण हा रस्ता सगळा किनाऱ्याने जात नाही. मॉसेल बे सुटलं की तो आत वळतो आणि तासन् तास शेतंच दिसतात. त्या पट्ट्यात रमू नका, थेट हर्मानस गाठा. जून ते नोव्हेंबर तिथे सदर्न राइट व्हेल किनाऱ्यालगत येतात. कड्यावरच्या पायवाटेवरूनही दिसतात, बोटीचा खर्च ऐच्छिक. पुढे केपटाऊनला जाताना हायवेऐवजी आर-फोर्टीफोर धरा: बेटीज बेला पेंग्विन, मग रूई-एल्स ते गॉर्डन्स बे हा डोंगरकड्याला बिलगलेला रस्ता. आमच्या मते अख्ख्या प्रवासात याला तोड नाही.

मुक्काम: स्टॉर्म्स रिव्हर दोन रात्री, नाइझ्ना किंवा विल्डरनेस दोन, हर्मानस दोन, उरलेल्या केपटाऊनला.

प्रश्न: आपलं लायसन्स चालतं का?

इंग्रजीत असेल आणि त्यावर फोटो व सही असेल तर चालतं. तरीही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, गाडी भाड्याने घेताना काउंटरवरची हुज्जत वाचते. खरी अडचण कार्डाची होते. डिपॉझिटसाठी बहुतेक ठिकाणी मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. नवरा-बायको दोघं चालवणार असाल तर दोघांची नावं करारात हवीत, नाहीतर अपघातात विमा हात वर करतो. टायर आणि काचा मूळ विम्यात बहुधा नसतात. कच्च्या रस्त्यावर खडी उडून आधी तेच जातं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुकिंगमध्येच तसं नमूद करा.

प्रश्न: तिथले नियम आपल्यापेक्षा किती वेगळे?

चौकात चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी असेल तर प्रत्येकाने पूर्ण थांबायचं, जो आधी आला तो आधी निघतो. वीज गेली आणि सिग्नल बंद पडला तरी हाच नियम. ‘समोरचा थांबेलच’ हा आपला हिशेब इथे नको. दोन्ही दिशांना एकेकच लेन असलेल्या रस्त्यावर पुढची संथ गाडी डाव्या कडेच्या पिवळ्या रेषेपलीकडे सरकून वाट देते. पुढे गेलात की धोक्याचे दिवे दोनदा लुकलुकवून आभार माना. वेगमर्यादा मोठ्या हायवेवर १२०, इतर खुल्या रस्त्यांवर १००, वस्तीत ६०. पाटी वेगळी असेल तर पाटी खरी.

अंधार पडल्यावर गावाबाहेर गाडी काढू नका. जनावरं, पायी चालणारे, दिवे नसलेली बंद वाहनं ऐनवेळी दिसतात.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत.

स्वयंपाकघर असलेली ‘सेल्फ कॅटरिंग’ घरं घ्या. सुपरमार्केटात मसूर, तांदूळ, डबाबंद छोले, दही, भाज्या सगळं मिळतं.

प्रश्न: चोरीची भीती कितपत?

गाडी उभी करताना सीटवर काहीही ठेवू नका, चार्जरची वायरसुद्धा. सामान डिकीत टाकायचं ते निघतानाच. वाहनतळावर पोचून डिकी उघडलीत की बघणाऱ्याला कळतंच. रिमोटने लॉक केल्यावर दाराची मूठ हाताने ओढून बघा. रिमोटचा सिग्नल अडवणारं यंत्र वापरून गाडी उघडीच ठेवायची, ही तिथली नेहमीची चलाखी आहे.