सासूबाईंना संध्याकाळी समुद्र दाखवायचाय

प्रश्न : दिवाळीनंतर दोन रात्रींसाठी शांत, खेड्यातल्या समुद्रकिनारी जायचं मनात आहे. आम्ही दोघं, नववीतला मुलगा आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. दमणची गर्दी नको. कावी-कंबोईला जाऊन आलो, पण पाण्यात पाय बुडवायची त्यांची हौस राहूनच गेली. कुठे जावं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : कावी-कंबोई म्हणजे खंभातचं आखात. पाणी गढूळ, पायाखाली गाळ आणि भरती एवढी मोठी की स्तंभेश्वराचं देऊळच पाण्याखाली जातं. तिथे दर्शनाला जावं, पाण्यात उतरायला नाही.

तुम्ही पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला जा. माझं माहेर शेजारचं घोलवड, त्यामुळे हे सांगताना मन तिकडे ओढ घेणारच. पण तुमच्या सासूबाईंसाठी याहून सोयीचा किनारा मला सुचत नाही. पुळण सपाट आहे, काठाला सुरूची झाडं आहेत, आणि रिक्षा अगदी जवळ येते. बडोद्याहून गाडीने डहाणू रोडला उतरा, तिथून पंधरा-सतरा किलोमीटर रिक्षाने. घोलवडलाही स्टेशन आहे, पण लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे सहसा थांबत नाहीत.

खोली बुक करायच्या आधी मात्र पंचांग उघडा. बोर्डीचा किनारा इतका उथळ आहे की ओहोटीला पाणी पार लांब जातं, समोर उरते नुसती ओली वाळू. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते अंतर चालवणार नाही. आमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात : तिथीला पाऊणपट करायचं, येईल तो तास. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे ऐन उन्हात पाणी काठाशी आणि तिन्हीसांजेला दूर. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. घड्याळाशी तंतोतंत जुळत नाही, तास-अर्धा तास मागेपुढे होतो, पण बेत आखायला पुरतं.

म्हणून कार्तिक शुद्ध सप्तमी ते नवमी धरा. तेव्हा भांगाची भरती असते, उधाणासारखा जोर नसतो, आणि दिवस मावळायच्या वेळी पाणी काठाशी आलेलं असतं. शिवाय लाभपाचमीला आपल्याकडची दुकानं उघडतात, फिरायला गेलेली मंडळी परततात, मुलाची सुट्टी मात्र बहुधा शिल्लक असते. बेसतू वर्षाच्या, म्हणजे गुजराती नववर्षाच्या आसपास जाऊ नका, तेव्हा सगळा गुजरात बाहेर पडलेला असतो.

मुलाला दुपारी ओहोटीत मोकळं सोडा, खेकड्यांची बिळं बघत तो मैलभर फिरेल. सकाळी त्याला झाई गावात न्या, तिथे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असतात. वास उग्र, पण त्याने बघायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, ताटातलं कुठून येतं ते कळतं. चिकूच्या वाड्या तर घोलवडभर आहेत, या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वाडीत शिरायचं असेल तर मालकाला विचारून जा. बाहेर भातकापणी चालू असेल.

बारडा डोंगर सासूबाईंना झेपणार नाही, तो बेत सोडा. त्याऐवजी परतताना उदवाड्याला थांबा. १७४२पासून तिथे पारशांचा इराणशा, म्हणजे त्यांचा पवित्र अग्नी आहे. आत आपल्याला प्रवेश नाही, पण जुन्या घरांच्या गल्ल्या रिक्षातूनही बघता येतात.

राहायला पुळणीच्या बाजूचं घरगुती ठिकाण बघा. फोनवर दोनच गोष्टी विचारा : खोली तळमजल्यावर आहे का, आणि पुळणीवर नेता येईल अशी हातांची खुर्ची मिळेल का. सासूबाईंना सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी खुर्चीत बसवा. पाणी त्यांच्या पायांशी येईल. एकाने मात्र सतत जवळ उभं राहा, कारण लाट परतताना पायाखालची वाळू सरकते आणि खुर्ची एका बाजूला कलते.