पर्यावरणावरच्या डॉक्युमेंटरी बघून लोक खरंच बदलतात का?

बदलतात, पण बहुतेक वेळा ज्यांनी बदलायला हवं ते नाहीत. हे मी आमच्या भावोजींना कित्येक वर्षं सांगतोय, आता तुम्हालाही सांगतो.

वडील तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे कप्तान, गाव हर्णैच्या बाजूचं. 2009च्या शिमग्याला भावोजी पुण्याहून प्रोजेक्टर घेऊन आले. देवळाच्या सभामंडपात चादर बांधली आणि माइक पांडे यांची 'शोअर्स ऑफ सायलेन्स' लावली. 2000 सालची, गुजरातच्या किनाऱ्यावरच्या व्हेल शार्कच्या शिकारीवर. ती कापाकापी बघून अख्खं बंदर हळहळेल, असा भावोजींचा हिशेब. कसलं काय! पुढच्या रांगेत धूड किती टनांचं असेल यावर पैजा लागल्या. त्याच्या कलेजीचं तेल तिकडे होडीला चोपडायचे, हे कळल्यावर मागून आवाज आला, "लिटरला काय भाव?"

शेवटी बाबा उठले. "जावईबापू, हा जाळ्यात शिरला तर जाळं कापून सोडायचा. मान्य. नव्या जाळ्याचे पैसे कोण देणार?"

भावोजी म्हणाले, "मामा, निसर्गाची किंमत पैशात होत नाही."

बाबा चहाचं बघायला गेले. त्यांच्यामागे निम्मा सभामंडप उठला.

गुजरातेत काम झालं ते कसं? 2004मध्ये रामकथाकार मोरारीबापूंनी सांगितलं, व्हेल शार्क ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. लेकीला कोण मारेल? आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई वनखात्याने देऊ केली. तिकडच्या वेरावळ बंदरातल्या खारवी मच्छीमारांना दोन्ही गोष्टी पटल्या.

हां, भावोजींच्या बाजूनेही एक सांगायला हवं, नाहीतर ते खाली कमेंट करतील. फिल्म आल्यानंतर वर्षभरातच, 2001मध्ये, व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत गेला. भारतात असं संरक्षण मिळालेला हा पहिला मासा. म्हणजे फिल्म दिल्लीत लागू पडली, आमच्या सभामंडपात नाही.

तेव्हा अशी फिल्म कुठे दाखवणार असाल, तर भरपाईचा अर्ज कसा भरायचा हे सांगणारा माणूस सोबत न्या. पुढची खुर्ची त्याला द्या, दिग्दर्शक मागे बसला तरी चालेल.

महाराष्ट्रात ही भरपाई 2018च्या अखेरीस सुरू झाली, वनखात्याच्या कांदळवन कक्षातर्फे, 25 हजारांपर्यंत. त्यासाठी जाळं कापून सोडल्याचे फोटो किंवा व्हिडिओ द्यावे लागतात. चुलतभावाच्या जाळ्यात व्हेल शार्क आला तेव्हा पोराने मोबाइलवर शूट केलं. सगळं हलतंय, अर्धा वेळ पोराचा अंगठाच दिसतोय. तरी बंदरावर प्रत्येकाने चार-चार वेळा बघितला आणि दुसऱ्या दिवशी तिघे अर्जाची चौकशी करायला घरी आले.

तोच व्हिडिओ भावोजींनी मागे बासरी लावून फेसबुकवर टाकलाय. जाळं कापतानाच्या शिव्या तेवढ्या गाळल्यात.