म्युझिक व्हिडिओनंतरचे टिपण : एका विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनी,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा म्युझिक व्हिडिओ मी पूर्ण पाहिला आणि त्यासोबत महाविद्यालयात सादर करायच्या टिपणाचा खर्डाही वाचला. मुळशीतल्या त्या आजींची जात्यावरची ओवी आणि तुझ्या मित्राने तिच्याखाली बांधलेला इलेक्ट्रॉनिक ठेका यांना एकत्र आणण्याचे धाडस तू केलेस, याचे मला मनापासून कौतुक आहे. टिपणाविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण व्हिडिओत तू जे शोधले आहेस ते टिपणात कुठेच आलेले नाही.

खर्ड्यात पावसाने वाया गेलेली सकाळ आहे, उशिरा मिळालेला ट्रायपॉड आहे, सहकाऱ्यांचे आभार आहेत आणि ‘वेळेचे नियोजन शिकले’ असे वाक्य आहे. हे सारे खरे असले, तरी तुझ्या वर्गातल्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या टिपणात ते जसेच्या तसे बसेल. टिपणाने उत्तर द्यायचा प्रश्न माझ्या मते एकच आहे : चित्राने गाणे कुठे ऐकले, आणि कुठे ते गाण्यावरून नुसते धावत गेले? कॅमेरा, प्रकाश, संकलन यांविषयी तुला जे म्हणायचे असेल ते या प्रश्नाच्या आधाराने म्हण.

‘आजींचे लिप सिंक जमले नाही, त्यामुळे संकलनात तडजोड करावी लागली,’ असे तू एका ओळीत लिहून पुढे गेली आहेस. तुझ्या साऱ्या प्रकल्पातली सर्वांत मोलाची गोष्ट या ओळीत दडलेली आहे. तू आधी आजींचा आवाज ध्वनिमुद्रित केलास, मित्राने त्यावर ट्रॅक तयार केला आणि मग स्पीकरवर तो ट्रॅक लावून आजींना त्याबरोबर ओठ हलवायला सांगितलेस. व्यावसायिक गायक-नटांबरोबर ही पद्धत चालते, कारण त्यांच्या गाण्याचे रूप ध्वनिमुद्रणाच्या वेळी पक्के झालेले असते. ओवीचे तसे नसते. गाणारी बाई अर्धी ओळ पुन्हा घेते, ‘गं’ किंवा ‘बाई’ घालून दम घ्यायला जागा करते, जात्यात वैरण, म्हणजे मूठभर धान्य, घालायला हात गेला की ओळ तिथे थबकते आणि खुंट्यावर पुन्हा जोर आला की पुढे सरकते. हे उद्या तसेच होईल असे तीही सांगू शकणार नाही. आजींना आदल्या दिवशीचे आपले गाणे हुबेहूब म्हणता आले नाही यात त्यांचे किंवा तुझे काहीच चुकले नाही; ओवी कशी जगते याचा तो पुरावा होता आणि तो तुझ्या कॅमेऱ्यात टिपला गेला आहे. तेव्हा ‘जमले नाही’ असे लिहून थांबू नकोस. जे घडले त्यातून ओवीविषयी तुला काय कळले आणि ते आधी ठाऊक असते तर चित्रीकरणाची पद्धत कशी ठरवली असतीस, हे लिही.

यासाठी पार्श्वगायनाचा इतिहास थोडा पाहून घे. 1935 सालच्या ‘धूपछाँव’पासून हिंदी चित्रपटात पार्श्वगायनाची वाट रूढ होत गेली, त्याआधी बोलपटातले नट कॅमेऱ्यासमोरच गात असत आणि वादकांना चौकटीबाहेर कुठेतरी जागा शोधून बसावे लागे. आवाज आधी आणि चित्र नंतर ही रीत एका विशिष्ट सोयीसाठी आली, हे लक्षात आले की ती कुठे वापरावी आणि कुठे टाळावी याचा निर्णय आपल्या हाती येतो. आजींना दळताना गाऊ देऊन आवाज आणि चित्र एकाच वेळी टिपायचे आणि ठेका मागाहून त्यांच्या लयीवर बांधायचा, हा मार्ग तुला खुला होता. तो तू का निवडला नाहीस, याचे प्रामाणिक उत्तर टिपणात चार वाक्यांत आले, तरी परीक्षकाला तू विचार करणारी दिग्दर्शिका आहेस हे समजेल.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत मुळशीतल्या गावांचा वाटा मोठा आहे आणि ते भांडार आता ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर पाहायला व ऐकायला मिळते. तिथली काही ध्वनिमुद्रणे हातात कागद घेऊन ऐक. ओळ कुठे दुहेरी होते, कुठे तुटते, याच्या खुणा कर आणि मग आजींचे मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐक.

आता संकलनाकडे येतो. ट्रॅकचा वेग मिनिटाला 100 ठोके आहे आणि तू सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 स्थिर चित्रे, या वेगावर काम केलेस, म्हणजे दर पंधरा फ्रेमला एक ठोका पडतो. टाइमलाइनवर खुणा करून त्यांवर शॉट तोडणे त्यामुळे फार सोपे झाले आणि पहिल्या दीड मिनिटात तू जवळजवळ प्रत्येक कट ठोक्यावरच घेतला आहेस. सुरुवातीला त्यात उत्साह वाटतो, परंतु थोड्याच वेळात पुढचा कट कुठे येणार हे पाहणाऱ्याला आधीच कळू लागते आणि डोळे चित्रावरून उडून ठेका मोजायला लागतात. त्याच वेळी आजींचा आवाज ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळत असतो, आणि तुझ्या व्हिडिओचे सारे सौंदर्य त्या रेंगाळण्यात आहे. दुसऱ्या अंतऱ्यात त्यांच्या चेहऱ्याचा जो लांब शॉट आहे, ज्यात त्या ओळ संपवून श्वास घेतात आणि मगच तू हातांवर जातेस, तिथे कट ठोक्यावर नाही, श्वासावर आहे. तो शॉट पाहताना मी सावरून बसलो. टिपणात या दोन जागा समोरासमोर ठेव आणि पहिल्या जागी तू यंत्राचे का ऐकलेस व दुसऱ्या जागी माणसाचे का ऐकलेस, हे सांग. कदाचित दुसरा कट तू सहज घेतला असशील. तसे असेल तर तसेच लिही, फक्त सहज घेतलेला तो निर्णय योग्य का ठरला याचे कारण आता शोध.

स्लो मोशनचेही असेच आहे. 50 फ्रेमने टिपून 25 ने दाखवलेले जाते अर्ध्या वेगाने फिरते, गाणे मात्र मूळ वेगानेच चालू राहते. जात्याचा फेरा आणि ओवीची ओळ यांचा जो जन्माचा संबंध आहे तो तिथे तुटतो. हा परिणाम तुला हवा असू शकतो, म्हणजे आठवणीतले जाते आणि आजचा आवाज असे दोन काळ वेगळे दाखवायचे असू शकतात. परंतु मग व्हिडिओत इतरत्र त्याला आधार हवा आणि तो मला दिसला नाही. आणखी एक गोष्ट संकलनाच्या वेळीच तुझ्या लक्षात यायला हवी होती. शेवटच्या भागातल्या जवळच्या शॉटमध्ये जाते फिरते आहे, पण कडेने पीठ पडत नाही. ज्यांनी घरात दळण पाहिले आहे त्यांना ते रिकामे आहे हे क्षणात कळेल.

स्वयंपाकघरातल्या शॉटवर दिसणाऱ्या पट्ट्यांविषयी जास्त लिहू नकोस. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या 1/50 किंवा 1/100 वर ठेवायचे, एवढी एक ओळ पुरे.

टिपण लिहायला बसण्यापूर्वी संकलनाच्या जुन्या आवृत्त्या बाहेर काढ. रफ कट म्हणजे पहिली कच्ची जुळणी, त्यानंतरचा कट आणि अंतिम व्हिडिओ क्रमाने पाहा आणि एखादा शॉट कधी गळला, कधी परत आला याची नोंद कर. आपण काय करत होतो याची आठवण फार लवकर बदलते आणि अंतिम रूप हेच पहिल्यापासून मनात होते असे वाटू लागते. जुन्या फाइली मात्र बदलत नाहीत. टिपणातल्या प्रत्येक मोठ्या विधानापुढे व्हिडिओतले मिनिट आणि सेकंद लिहिण्याची सवय ठेव. ‘प्रकाशयोजना भावपूर्ण होती’ या वाक्यापुढे तुला वेळ लिहिता आली नाही, तर ते वाक्य काढून टाक.

शेवटी एका गोष्टीविषयी मी आग्रहाने सांगतो. श्रेयनामावलीत तुझ्या मित्राचे नाव संगीतकार म्हणून आहे, आणि आजींच्या जागी ‘पारंपरिक ओवी’ एवढेच लिहिले आहे. ओवी परंपरेची आहे यात शंका नाही, पण तिचे हे गायन आजींचे आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 38 नुसार सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षे हक्क असतो आणि 2012 च्या दुरुस्तीने सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्कही त्याला स्पष्टपणे मिळाला आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते, कारण त्या आवाजाशिवाय तुझ्याकडे केवळ एक ठेका उरला असता. त्यांना विचारून, त्यांना हवे तसे नाव लिही. व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा असेल तर त्यासाठी वेगळी संमती घे आणि ती मागण्यापूर्वी पूर्ण व्हिडिओ त्यांना व त्यांच्या घरच्यांना दाखव. तो पाहून त्या जे बोलतील तेही टिपणात यायला हवे. वर्गमित्रांनी भरलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मला तू अख्खे पान दिले आहेस. ते अर्ध्यावर आण आणि उरलेली जागा आजींच्या बोलण्याला दे, मग ते तुझ्या मताविरुद्ध गेले तरी चालेल.

नवा खर्डा झाला की रफ कटच्या फाइलीसह मला पाठव. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी मोकळा असतो; आपण दोघे टाइमलाइन उघडून पहिल्या दीड मिनिटावर एकत्र बसू.

तुझा,
सर