लॉग कोरा, प्रोग्राम बंद

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी वाचनालयाचा देवघेवीचा जावा प्रोग्राम १ जीबी मेमरीच्या लिनक्स सर्व्हरवर चालतो. संध्याकाळी गर्दी झाली की तो अचानक बंद पडतो. लॉगमध्ये एरर नाही. एक्सएमएक्स (-Xmx, जावाच्या मेमरीची मर्यादा) १ जीबी दिलं आहे. आणखी वाढवू का?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : वाढवू नका, कमी करा. हीप, म्हणजे प्रोग्रामचा डेटा राहतो तो मेमरीचा भाग, भरली असती तर जावानं सहसा तशी एरर लॉगमध्ये टाकली असती. लॉग कोरा, म्हणजे सर्व्हरची मेमरी संपल्यामुळे बहुधा लिनक्सच्या कर्नलनंच, सिस्टिमच्या गाभ्यानंच, प्रोग्राम मारला. कर्नलच्या नोंदी दाखवणारी डीमेसेज (dmesg) कमांड चालवा. ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ अशी ओळ आणि पुढे जावाचं नाव दिसेल.

एक्सएमएक्स ही फक्त हीपची मर्यादा. मेटास्पेस (क्लासांची माहिती), कंपाइल झालेला कोड, थ्रेडचे (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचे) स्टॅक, म्हणजे त्यांची कामापुरती मेमरी, हे सगळं त्याबाहेर. गर्दीत थ्रेड वाढतात, आणि ६४ बिट लिनक्सवर दर थ्रेडच्या स्टॅकसाठी १ एमबीपर्यंत जागा धरलेली असते. डेटाबेसही त्याच सर्व्हरवर असेल तर त्याचा वाटा वेगळा. काहीच दिलं नसतं तर जावानं हीपला पाव मेमरी, साधारण २५६ एमबी, धरली असती. तुम्ही एक्सएमएक्स ३८४ एमबी द्या, शिवाय १ जीबीची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) करा. गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) निवडत बसू नका; एवढ्या लहान मशीनवर जावा आपणहून सीरियल हा साधा प्रकारच घेतं.

सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयं उभी केली, त्या बडोद्यात देवघेव अडू नये असं मला मनापासून वाटतं. कर्नलनं पुन्हा मारलं तर एक्सएमएक्स ३२० एमबी करा. हीप भरल्याची एरर आली तर मात्र २ जीबीचा सर्व्हर घ्या.