‘होळीचा सण’ म्हणणाऱ्या आजीला आधी बोलतं कर

प्रिय मावशी,

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, ठाण्यात राहतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाचचा. दोघांच्याही वर्गात दुसरं ज्यू मूल नाही. मध्यंतरी शाळेत ‘माझा आवडता सण’ असं चित्र काढायचं होतं. मुलीनं आकाशकंदील काढला. मी विचारलं, तर म्हणाली, “आपला सण कसा दिसतो तेच मला माहीत नाही, मग काढू काय?” त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरच्या घरीच गोष्टी सांगून, हातानं काही करून घेऊन मुलांना शिकवावं असं ठरवलं. पण मला हिब्रू वाचता येत नाही. नणंद इस्राएलमध्ये अश्दोदला असते. तिनं पुस्तकं, रंगवायचे कागद, व्हिडिओ पाठवले. मुलं दोन दिवस रमली आणि विसरली. सासूबाईंना खूप गोष्टी येतात. पण मागे व्हिडिओ कॉलवर त्या आमच्या पुरीम सणाला जुन्या सवयीनं ‘होळीचा सण’ म्हणाल्या, तर नणंद हसून म्हणाली, “आई, पुरीम म्हण. ही खेड्यातली नावं मुलांना शिकवू नकोस.” तेव्हापासून सासूबाई गप्पच झाल्यात. मिस्टर म्हणतात, शाळेचा अभ्यास काय कमी आहे? मावशी, जे मलाच येत नाही ते मी शिकवणं बरोबर आहे का? आणि सुरुवात कुठून करू?

— एक आई, ठाणे

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात तू मुलीबद्दल विचारलं आहेस, पण मी अडकले ती तुझ्या सासूबाईंपाशी. तुझ्या घरात गोष्टी नाहीत असं नाही. त्या होत्या, आणि एका हसण्यानं थांबल्या. म्हणून रंगीत कागद, खडू, गोंद हे सगळं जरा बाजूला ठेव. आधी आजीला बोलतं कर.

नणंदेवर रागावू नकोस. तिच्या बोलण्यामागे एक जुनी जखम आहे. आपली माणसं इस्राएलला गेली, तेव्हा १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी बेने इस्राएलांच्या लग्नांवर शंका घेतली होती. हे खरे ज्यू का, इथपर्यंत प्रश्न गेला. आपल्या लोकांना त्यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं, आणि १९६४ साली तो वाद मिटला. ज्यांना असं सिद्ध करत बसावं लागलं, त्यांच्या घरांत ‘आपलं कोकणी काही दिसू नये’ ही धास्ती राहते. नणंदेला भाच्यांची लाज वाटत नाही गं, त्यांना कुणी हसू नये असं तिला वाटतं. हे तिच्याशी एकदा निवांत बोल. आणि तिनं पाठवलेली पुस्तकं टाकू नकोस, त्यांची वेळ येईल.

पण ती नावं मात्र जाऊ देऊ नकोस. नव्याचा सण, दारफळणीचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा सण. एकेक नाव मोठ्यानं म्हणून बघ. प्रत्येकात एक गोष्ट आहे. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, आपले लोक दार लावून घरात उपासाला बसायचे, म्हणून दारफळणी. अनास म्हणजे आंबट द्रवाचं भांडं. पेसाख, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण, त्याचे आठ दिवस ते झाकून ठेवायचं, म्हणून अनाशी ढाकाचा सण. आंबवलेलं काही खायचं नाही हा तोराचा, आपल्या धर्मग्रंथाचा नियम, ग्रंथ आणि रब्बी (धर्मगुरू) जवळ नसताना, कोकणातल्या बायकांनी एका भांड्यावर झाकण घालून पाळला. ह्यात खेडवळ काय आहे? मला तर हे नाव घेताना आजही भरून येतं. मुलांना दोन्ही शिकव: सिनेगॉगमध्ये पुरीम, आजीकडे होळीचा सण. एका सणाला दोन नावं असली म्हणून मुलं गोंधळत नाहीत. त्यांची स्वतःची घरातली आणि शाळेतली नावं वेगळी असतात की.

आता ‘मला येत नाही’ ह्याबद्दल. पेसाखच्या रात्री वाचतात ती पोथी म्हणजे हाग्गादा, आणि ह्या शब्दाचा अर्थच सांगणं असा आहे. ‘त्या दिवशी तू आपल्या मुलाला सांग’ अशी तोरातली आज्ञा आहे, आणि ती रब्बीला नाही, आईबापांना आहे. पेसाखच्या रात्री सगळ्यात लहान मूल विचारतं, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? हा प्रश्न मराठीत विचारायला आपल्या लोकांनी फार पूर्वी सुरुवात केली. मुंबईत १८४६ साली मराठी अर्थासह हाग्गादा छापली गेली. पुण्यात १८७४ साली निघालेल्या हाग्गादेत तर चित्रं आहेत, आणि त्यात पेसाखची भाकर करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. तुझ्या मुलीला ‘आपला सण कसा दिसतो’ हवं होतं ना? असा दिसतो. ते चित्र इंटरनेटवर मिळतं. छापून तिच्या टेबलावर लाव, काही बोलू नकोस. ती विचारेल.

गोष्ट मराठीत, तालावर सांगायची रीतही आपलीच. १८८०च्या सुमारास मुंबईत आपल्या मंडळींनी कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे ह्यांची आख्यानं साकी-दिंडी-ओव्यांमधून, टाळ-पेटीवर. पुढे बायकाही ती गाऊ लागल्या. सासूबाईंनी लहानपणी ऐकली असतील, विचार. त्यांना चार ओळी आठवल्या तर सोन्याहून पिवळं. नाही आठवल्या तर मुलीला घेऊन नव्या जुळवा. मी माझ्या नातीसाठी जुळवल्या त्या देते:

लव्हाळ्याची पेटी, डांबर लाविले,
पाण्यात सोडिले, बाळ मोशे.
बहीण काठाशी, राहिली पाहत,
डोळा न लवत, मिर्याम ती.

एवढ्या चार ओळींवर नातीनं मला विचारलं, मिर्यामला भूक लागली नाही का? मग आम्ही मिर्यामचा डबा भरला, खोटा खोटा. मिर्याम त्यानंतर तिची मैत्रीण झाली. तुझी मुलगी मोठी बहीण आहे, तिला हीच गोष्ट पहिली सांग. धाकट्याला टोपलीत बसवून तिला राखण करायला लाव.

एक चूक मी केली आहे, ती तू करू नकोस. मुलगा सहा वर्षांचा असताना मी भिंतीवर हिब्रू अक्षरांचा तक्ता लावला आणि रोज संध्याकाळी सातला त्याला समोर बसवायला लागले. महिन्याभरात सात वाजले की त्याचं पोट दुखायला लागलं. खरंच दुखायचं. मी तक्ता काढला, पण त्याच्या मनातून ते गेलं नाही, आणि ती हळहळ मला अजून आहे. घरात वर्ग भरवू नकोस. जे काम घरात होणारच आहे, त्यात गोष्ट घाल.

कोळणीकडे मासे घ्यायला जातेस तेव्हा मुलीला बरोबर ने. दाविद रहाबीची गोष्ट तुला माहीत असेलच: तो परदेशी पाहुणा आपल्या लोकांत आला, हे ज्यू आहेत का हे त्याला कळेना, म्हणून त्यानं बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले. हे आम्ही खात नाही, म्हणाल्या. तेवढ्यावरून त्यानं ओळखलं. मग झिराडकर, शापूरकर, राजपूरकर अशा तीन घरांतल्या मुलांना त्यानं धर्म शिकवला असं सांगतात. ही गोष्ट पुस्तकातून सांगूच नकोस. कोळीण रावस खरवडत असते तेव्हा उडालेला एक खवला मुलीच्या तळहातावर ठेव. ओला, पारदर्शक, नखाएवढा. उजेडात धरला की त्यावर बारीक वळ्या दिसतात. मग पाटीतला शिंगाळा दाखव, गुळगुळीत. कोळंबी दाखव. ‘आता तू रहाबीची परीक्षा दे’ म्हण. मुली ह्यात पटाईत असतात. आणि ही परीक्षा पंडितांनी नाही, स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी पास केली, हे तिला नक्की सांग.

मिस्टरांना नकाशा द्यायचा. रायगडचा मोठा नकाशा आणून त्यांना म्हणावं, पेणकर, रोहेकर, किहीमकर, आवासकर, अष्टमकर ह्यांची गावं मुलांना शोधून द्या, आणि शेवटी आपलं. वडिलांचं बोट नकाशावर आपल्या गावापाशी थांबतं तेव्हा अभ्यासाचा प्रश्न निघत नाही. मग एखाद्या रविवारी अलिबागजवळ नवगावला सगळे जा. जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, बुडालेल्यांना तिथं पुरलं, असं आपण सांगत आलो, ती ही जागा. वाचलेले तेल गाळायला लागले आणि शनिवारी, म्हणजे आपल्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनिवार तेली. घरी हीच गोष्ट परातीत पाणी, कागदाची होडी आणि चौदा वाल घेऊन होते. पाच वर्षांचं पोर ही होडी दिवसातून दहा वेळा फोडेल, फोडू दे.

मुलगी विचारेल, हे खरंच झालं का? तेव्हा थाप मारू नकोस आणि पाणीही ओतू नकोस. ‘आपली माणसं पिढ्यान्पिढ्या असं सांगत आली, कागदावर लिहिलेलं नाही’ एवढं सरळ सांग. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलियाहू संदेष्टे, त्यांचंही तसंच. ते खंडाळ्याला प्रकटले, तिथल्या खडकावर त्यांच्या घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत असं आपण मानतो (हे अलिबागजवळचं खंडाळे, घाटातलं नव्हे, मुलं गोंधळतात). त्यांच्या नावानं मलिद्याचा प्रसाद करताना ही गोष्ट निघतेच. पोहे भिजवणं, खोबरं कालवणं, फळं मांडणं ही सगळी मुलांनी करायची कामं आहेत.

हनुक्का, म्हणजे आठ दिवसांचा दिव्यांचा सण, नणंदेच्या पुस्तकांतून कर. त्यात तीच गुरू. आपल्या पूर्वजांना तो सण ठाऊकच नव्हता, तो आपण पुढे इतर ज्यूंकडून शिकलो. हेसुद्धा मुलांना सांगण्यासारखं आहे. दिवाळीच्या पणत्या जपून ठेव: आठ ओळीत, नववी जरा उंचावर, रोज एक वाढवायची. त्या रात्री व्हिडिओ कॉल लाव आणि आत्यालाच आशीर्वाद म्हणू दे.

शाळेचं म्हणशील तर मुलीला कंदिलावरून एक शब्द बोलू नकोस. कंदील सुंदरच असतो आणि तो तिचाही आहे. वर्गात मलिदा न्यायचा का, हे तिला विचार आणि ती नको म्हणाली तर तिथंच थांब. फक्त एक वाक्य तिच्या तोंडी बसव: ‘आम्ही बेने इस्राएल, मूळ कोकणातले.’ इस्राएलच्या बातम्यांमुळे कुणी काहीबाही विचारलं तर तिला त्याची उत्तरं देत बसायची नाहीत, ती तुम्ही मोठ्यांनी द्यायची. शाळेच्या अर्जात धर्मापुढे ‘इतर’ लिहितेस का? महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे. ‘ज्यू’ असं स्वच्छ लिही, आणि लिहिताना मुलीला दिसू दे.

आता सासूबाई. त्यांना ‘मुलांना शिकवा’ म्हणू नकोस, त्या ‘मला काय येतं’ म्हणतील. त्यांना मदत माग. शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशचा आशीर्वाद म्हणून आपण मनुकांचं शरबत पितो ना, त्यासाठी येत्या गुरुवारी रात्री दोन मुठी काळ्या मनुका धुऊन पाण्यात टाक. शुक्रवारी दुपारी मुलं शाळेतून आली की फुगलेल्या मनुकांचं पातेलं आजीपुढे ठेव आणि म्हण, “आई, किद्दुशचं शरबत मला पातळ होतं, तुमच्याकडे कसं करायचे?” मिक्सर लपवून ठेव. हातानंच कुस्करायचं. मुलीचे हात आत, आजीचे हात वरून. पाणी आधी चहासारखं होतं, मग काळपट जांभळं. मलमलच्या फडक्यातून पिळताना धाकट्याला फडक्याचं एक टोक धरायला दे. त्या अर्ध्या तासात आजी आपल्या आईचं काहीतरी सांगेल. फोन ओट्यावर पालथा ठेवून आवाज तेवढा रेकॉर्ड कर. त्या सांगताना होळीचा सण म्हणाल्या, तर तूही होळीचा सणच म्हण. शरबताची पहिली चव आजीनं घ्यायची, गोड कमी आहे की नाही ते त्या ठरवतील. मला पुढच्या आठवड्यात कळव, त्यांनी काय सांगितलं ते.

तुझी,
मावशी