सवय नव्हे, हुळहुळेपणा

प्रश्न असा आहे : ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी औषधं देऊनही दुखणं वाढतं, याला ‘औषधाची सवय झाली’ म्हणावं का? आणि बायकांत नि पुरुषांत ते वेगळं असतं का?

‘सवय’ अजिबात म्हणू नये. हल्ली जो तो तेच म्हणतो आणि भलताच अर्थ पोचतो. सवय झाली की नेहमीच्या डोसाने गुण येत नाही, वाढवला की येतो. इथे उलट. औषधच मज्जासंस्था हळवी करतं, डोस वाढवावा तसं दुखणं वाढतं, टाक्यांपासून लांबच्या कातडीलाही चादरीचा स्पर्श सोसवत नाही. यासाठी घरचा शब्द आहे : हुळहुळणं. मॉर्फिन अफूतूनच निघतं, तेव्हा ‘अफूवर्गीय औषधांचा हुळहुळेपणा’ म्हणा. पुस्तकी ‘अतिवेदनशीलता’ रुग्णाच्या तोंडी कधी येणार?

आता ‘अफू’. ग्रीक ‘ओपॉस’ म्हणजे झाडाचा चीक. त्यावरून ‘ओपिऑन’. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘अफ्यून’, आणि तिथून आपली अफू. पोर्तुगिजांनी तेच ‘आंफियांव’ केलं. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात त्यावर अख्खा संवाद आहे. तरी काही कोशप्रेमी अफू ‘अहिफेन’पासून, म्हणजे सापाच्या फेसापासून काढतात. हे साफ चूक आहे. चरक-सुश्रुतांत अफू नाही. अहिफेन भेटतं ते मध्ययुगातल्या शार्ङ्गधरसंहिता या वैद्यकग्रंथाच्या काळात, अरबी व्यापार रुळल्यावर. शिवाय आफूक, अफेन, नागफेन अशी रूपं शेजारी नांदतात. परका शब्द कानाला लागेल तसा संस्कृतात बसवला की असंच होतं. सापाचा फेस सुचला तो मात्र फार सुंदर, विष आणि औषध एकाच शब्दात!

मॉर्फिनच दुखणं वाढवतं की काय, ही शंका इंग्लंडचे डॉक्टर क्लिफर्ड ऑलबट यांनी १८७० मध्येच मांडली होती. आज भूलतज्ज्ञ रेमिफेंटानिल या ऑपरेशनातल्या अफूवर्गीय औषधाचा मोठा डोस टाळतात, ते एकदम न तोडता उतरवत नेतात, जोडीला थोडं केटामाइन (हे भुलीचं वेगळं औषध), पॅरासिटामॉल किंवा नस बधिर करणारं इंजेक्शन देतात.

बायका-पुरुषांचं म्हणाल तर शब्द एकच पुरे, वाट मात्र वेगळी असू शकते. उंदरांवरच्या प्रयोगांत नरांचा हुळहुळेपणा केटामाइन ज्यावर काम करतं त्या एनएमडीए नावाच्या ग्राहींमार्फत (ग्राही म्हणजे पेशीवरची संदेश टिपणारी जागा) येताना दिसला, माद्यांचा मेलानोकॉर्टिन या शरीरातल्या संप्रेरकाच्या ग्राहीमार्फत. तेव्हा एकाला लागू पडलेला उपाय दुसरीला तसाच लागू पडेल, हे गृहीत धरू नये.