मार्चअखेर, परीक्षा आणि ऊन : विद्यापीठ कर्मचाऱ्यांची प्रश्नोत्तरे

फेब्रुवारी संपत आला की खान्देशातल्या विद्यापीठ आणि महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांसमोर तीन कामे एकदम येऊन उभी राहतात: हिशेबाचा मार्चअखेर, उन्हाळी परीक्षा आणि चढत जाणारा पारा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरासाठी घेतलेली तसलमात (आगाऊ रक्कम) अजून समायोजित झालेली नाही. 31 मार्चपर्यंत वेळ आहे ना? (कार्यक्रम अधिकारी, चोपडा)

कॅलेंडरवर आहे, प्रत्यक्षात नाही. या वर्षीचा, म्हणजे 2026 चा मार्चचा शेवटचा आठवडा पाहा. गुरुवारी 26 ला रामनवमी, 28 ला चौथा शनिवार म्हणून बँक बंद, 29 ला रविवार, मंगळवारी 31 ला महावीर जयंती. वार्षिक हिशेबासाठी 1 एप्रिललाही बँकेचे व्यवहार बंद. म्हणजे 25 तारखेनंतर हातात उरतात दोनच दिवस, 27 आणि 30. ऑनलाइन पैसे रोज जातात हे खरे, पण मंजुरीची सही करणारा माणूस सुटीच्या दिवशी खुर्चीत नसतो. म्हणून फाइल 15 मार्चपर्यंत लेखा शाखेत पोहोचली पाहिजे.

बिले लावताना क्रम असा ठेवा. प्रत्येक मूळ बिल महाविद्यालयाच्या किंवा योजनेच्या नावाने असावे, तुमच्या वैयक्तिक नावाने नको. बिलाची तारीख शिबिराच्या काळातली किंवा त्याच्या लगतच्या खरेदीची हवी. टिकाऊ वस्तू (फावडी, घमेली, बादल्या) आधी जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीत चढवा आणि बिलाच्या मागे त्या नोंदीचे पान व अनुक्रमांक लिहा. किराणा, भाजीपाला, गॅस यांना उपभोग्य साठ्याची नोंद लागते. रोख दिलेली रक्कम 5,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर पावतीवर 1 रुपयाचे महसूल तिकीट लावून त्यावर सही घ्या. नेमके हेच तिकीट राहते आणि त्यापायी फाइल आठवडाभर परत फिरते. स्वयंसेवकांची हजेरी आणि जेवणाऱ्यांची संख्या जुळवून पाहा. 50 जणांच्या शिबिरात 70 जणांचे जेवण लागले असेल, तर वरचे 20 कोण होते ते आधीच लिहून ठेवा. ग्रामस्थ, पाहुणे, वक्ते असतील, पण ते कागदावर दिसले पाहिजे.

उरलेली रक्कम आणि खात्यावर पडलेले व्याज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वेगवेगळ्या ओळीत दाखवून भरणा करा. केंद्र शासनाच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मधील नमुना 12-अ मध्ये द्यायचे असते, आणि त्यात व्याजाचा रकाना रिकामा सोडला की पुढचा हप्ता अडतो. शेवटची गोष्ट ठामपणे सांगतो: एप्रिलमध्ये घेतलेल्या सामानाच्या बिलावर मार्चची तारीख टाकून घेऊ नका. दुकानदाराच्या जीएसटी विवरणात खरी तारीख असतेच. लेखापरीक्षणात ते उघडे पडले की पैसे तुमच्याकडून वसूल होतील.

प्रश्न : वर्षभर कर कापला नाही आणि फेब्रुवारीच्या पगारातून एकदम कपात दाखवली. मी नवी करप्रणाली घेतली आहे, 12 लाखांपर्यंत कर नाही असे ऐकले होते. (वरिष्ठ लिपिक, जळगाव)

ऐकले ते बरोबर, पण अर्धे. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी नव्या प्रणालीत 4 लाखांपर्यंत शून्य, 4 ते 8 लाखांवर 5 टक्के, 8 ते 12 लाखांवर 10 टक्के, 12 ते 16 लाखांवर 15 टक्के आणि त्यापुढे चढते दर आहेत. पगारदाराला 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. वजावटीनंतरचे उत्पन्न 12 लाख किंवा त्याहून कमी असेल तर सवलतीमुळे कर शून्यावर येतो.

गणित बिघडते ते पगाराबाहेरच्या पैशाने. समजा, मार्च ते फेब्रुवारीचा पगार (मार्चचा पगार एप्रिलमध्ये होतो म्हणून आपल्याकडे असा हिशेब धरतात) 12,60,000 झाला. 75,000 वजा जाता राहिले 11,85,000. कर शून्य. आता परीक्षेच्या कामाचे मानधन आणि मुदत ठेवीचे व्याज मिळून 25,000 आले. उत्पन्न झाले 12,10,000. टप्प्यांप्रमाणे कर 61,500 होतो, पण सीमांत सवलतीमुळे 12 लाखांवरच्या रकमेएवढाच, म्हणजे 10,000 रुपये भरावा लागतो. त्यावर 4 टक्के उपकर धरून 10,400. पंचवीस हजार मिळाले आणि त्यातले दहा हजार चारशे गेले. यात आस्थापना शाखेची चूक नाही. तुम्ही ते उत्पन्न डिसेंबरमध्येच कळवले असते तर तीच कपात तीन-चार महिन्यांत विभागली गेली असती.

आता करायचे काय? आयकर पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण उघडा. मानधन देणाऱ्याने कर कापला असेल तर ती कपात तिथे दिसेल. तिचा उतारा आस्थापना शाखेला द्या, म्हणजे त्याच पैशावर दोनदा कपात होणार नाही. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर लागलेल्या आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असलेल्यांनी आणखी एक तपासावे. नियोक्त्याचे अंशदान आधी उत्पन्नात मिळवले जाते आणि मग मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंत नव्या प्रणालीतही वजा होते. पत्रकात मिळवलेले दिसते पण वजा केलेले दिसत नाही, असे पुष्कळदा होते. स्वतःच्या जादा 50,000 च्या गुंतवणुकीची वजावट मात्र फक्त जुन्या प्रणालीत आहे.

घरकर्जाचे व्याज, विमा, भविष्य निर्वाह निधी मोठा असेल तर जुन्या प्रणालीने हिशेब करून पाहाच. कार्यालयाला नवी सांगितली म्हणून हात बांधले गेले असे नाही. विवरणपत्र भरताना बदलता येते, फक्त ते मुदतीत भरले पाहिजे. मुदत चुकली की जुनी प्रणाली हातची गेली. पगाराची थकबाकी मिळालेल्यांनी विवरणपत्राच्या आधी नमुना 10-ई ऑनलाइन भरावा. तो न भरता सवलत मागितली तर ती नाकारली जाते.

प्रश्न : होळीच्या आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा ठेवल्या की निम्मे विद्यार्थी येत नाहीत. काय करावे? (प्रयोगशाळा सहायक, अक्कलकुवा)

त्या आठवड्यात त्या ठेवूच नयेत. होळीआधीच्या दिवसांत सातपुड्यातल्या गावोगावी भोंगऱ्याचे (आदिवासींचे होळीआधीचे) बाजार भरतात, आणि काठी गावच्या राजवाडी होळीसारख्या होळ्यांसाठी बावा, बुध्या होणारी (सोंग घेऊन नाचणारी) मुले आधीपासून व्रत पाळतात. ती मुले परीक्षा चुकवत नसतात, त्यांचा वर्षाचा सर्वांत मोठा सण असतो. विद्यापीठाच्या लेखी परीक्षांच्या तारखा आपल्या हातात नसल्या, तरी अंतर्गत चाचण्या आणि प्रात्यक्षिकांच्या तुकड्या महाविद्यालयच ठरवते. डिसेंबरमध्ये वेळापत्रकाचा मसुदा होतो तेव्हाच परिसरातल्या बाजारांचे वार प्राचार्यांना लेखी द्या. बाहेरच्या परीक्षकाची तारीख आधीच पक्की झाली असेल, तर राहिलेल्यांसाठी एक जादा तुकडी त्याच पत्रात मागून ठेवा. नंतर मागितली की मंजुरीला वेळ लागतो.

प्रश्न : उन्हाळी सुटीत मूल्यांकन केंद्रावर 18 दिवस काम केले. त्याची अर्जित रजा मिळते का? (सहायक प्राध्यापक, शहादा)

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार सुटीत कामावर बोलावलेल्या शिक्षकाला त्या दिवसांच्या एक तृतीयांश अर्जित रजा मिळते. 18 दिवसांचे 6 दिवस. साठवणुकीची मर्यादा 300 दिवस.

अडचण येते ती कागदाची. 'केंद्रावर उपस्थित राहावे' एवढेच लिहिलेले पत्र अपुरे पडते. 'सुटीच्या काळात कर्तव्यावर रोखून ठेवले' असा स्पष्ट उल्लेख आणि 'पासून-पर्यंत' तारखा असलेला आदेश काम सुरू होण्याआधी घ्या. केंद्र संचालकाचे दिवसवार हजेरी प्रमाणपत्र शेवटच्या दिवशीच घेऊन ठेवा, जूनमध्ये ती नोंदवही शोधणे कठीण. मानधनही घेतले आणि त्याच दिवसांची रजाही मागितली तर लेखा शाखा आक्षेप घेऊ शकते, तेव्हा याबाबतचा खुलासा आदेशातच असू द्या. परीक्षेचे काम नाकारणे हा मात्र पर्याय नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 ने ते शिक्षक आणि शिक्षकेतर दोघांवर बंधनकारक केले आहे, आणि निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लावायचा आहे.

प्रश्न : परीक्षा विभागात कूलर लावला की उत्तरपत्रिका दमट होतात, बारकोडचे स्टिकर सुटतात. बंद केला तर बसवत नाही. (कनिष्ठ सहायक, जळगाव)

कूलर बहुधा बंद खोलीत चालतो आहे. कूलर हवा थंड करतो ती पाण्याची वाफ करून. ती दमट हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली चिकट होते, गारवा संपतो आणि कागद ओल धरतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांपर्यंत जातो, पण हवा कोरडी असते. कूलरसाठी याहून चांगली हवा नाही, फक्त तिला वाट द्या. कूलर खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, सावलीत बसवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. समोरच्या भिंतीची खिडकी किंवा दार अर्धे उघडे ठेवा. गठ्ठे झोताच्या रेषेत नकोत आणि भिंतीला टेकूनही नकोत. भिंतीपासून वीतभर अंतरावर, लाकडी फळीवर ठेवा. स्टिकर लावण्याचे टेबल झोतापासून सर्वांत लांब.

आकारही तपासा. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकार करा आणि दोनाने भागा. 20 × 15 × 10 च्या खोलीला 3,000 भागिले 2, म्हणजे मिनिटाला 1,500 घनफूट हवा देणारा कूलर पुरतो. मोठ्या दालनाला लहान कूलर लावला की लोक पंप सतत चालू ठेवतात, आणि ओल तिथूनच वाढते. कागदाचे काम चालू असताना पंप वीस मिनिटे चालू, दहा मिनिटे बंद ठेवून नुसता पंखा फिरवला तरी पुरेसा गारवा राहतो.

हंगामाच्या सुरुवातीला जुने गवत काढून नवे भरा. मधमाशीच्या पोळ्यासारखे पॅड असतील तर 5 लिटर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात तासभर भिजवा आणि मऊ ब्रशने क्षार काढा. बोअरच्या जड पाण्याने पॅडची भोके बुजतात, मग पाणी एकाच कडेने वाहते आणि अर्धे पॅड कोरडे राहते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करा. डेंग्यू पसरवणारा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण 8 ते 10 दिवस घेतो. आठवड्याची साफसफाई चुकली नाही तर त्याची साखळी तुटते. पंखा घुमतो पण फिरत नसेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच नवा बसवून घ्या.

पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, नुसते बटण बंद करून चालत नाही. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा वीजगळती-रोधक स्विच असल्याची खात्री विद्युत विभागाकडून लेखी घ्या. परिचर ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभे राहून कूलर भरतात. तिथे एक चूक जिवावर बेतते.

प्रश्न : परीक्षा दालनात कोणी घेरी येऊन पडले तर? (पर्यवेक्षक, धुळे)

अंग घामाने ओले, शुद्ध जागेवर असेल तर सावलीत आडवे करा, पाय उंच ठेवा, घोट-घोट क्षारसंजीवनी द्या (घरची : 1 लिटर स्वच्छ पाण्यात सपाट 6 छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ). बोलणे असंबद्ध, अंग तापलेले, शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात. तेव्हा तोंडाने काहीही देऊ नका. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. थांबायचे नाही.

प्रश्न : माझी जन्मतारीख 1 जून 1968. जूनअखेर निवृत्त होणार का? आणि 1 जुलैची वेतनवाढ? (मुख्य लिपिक, नंदुरबार)

नाही. जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती येते. 58 वर्षांच्या हिशेबाने तुमचा शेवटचा दिवस 31 मे 2026. शाळेत दाखल करताना अनेकांची तारीख 1 जून लावली गेली, म्हणून दरवर्षी 31 मेला कार्यालयांत निरोपांची रांग लागते. वेतनवाढ मिळणार नाही. 30 जूनला निवृत्त होणाऱ्यांना काल्पनिक (फक्त निवृत्तिवेतनाच्या हिशेबापुरती) वेतनवाढ मिळते ती मागच्या वेतनवाढीपासून त्यांची 12 महिन्यांची सेवा पूर्ण झालेली असते म्हणून. तुमची 11 महिन्यांची होते.

अर्जित रजेतही एक बारकावा आहे. 1 जानेवारीला जमा होणारे 15 दिवस तुम्हाला पूर्ण मिळत नाहीत, पूर्ण महिन्याला अडीच दिवस या दराने 5 महिन्यांचेच मिळतात. 15 धरून शिल्लक काढली असेल तर रोखीकरणाच्या वेळी वसुली निघते. 300 दिवसांहून जास्त शिल्लक असेल तर वरचे दिवस आत्ताच, लेखी अर्ज करून उपभोगा. सेवापुस्तकातली वेतननिश्चितीची पडताळणी, नामनिर्देशन, ग्रंथालय आणि निवासस्थानाचे 'येणे नाही' दाखले मार्चमध्येच गोळा करा. एप्रिल-मेमध्ये सही करणारे परीक्षेत गुंतलेले असतात.

प्रश्न : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचे आहे. किती रजा लागेल? (ग्रंथालय परिचर, पारोळा)

यंदा आखाजी 19 एप्रिलला, रविवारी आहे. शनिवारी कार्यालय असेल तर शनिवार आणि सोमवार अशी दोन दिवसांची नैमित्तिक रजा टाका, मधला रविवार रजेत धरला जात नाही. मात्र नैमित्तिक रजेला अर्जित रजा जोडता येत नाही. घागर भरण्यापासून गौराईच्या झोक्यापर्यंत सगळे दिवस हवे असतील तर सुरुवातीपासूनच अर्जित रजा मागा. अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्या आणि वाचन कक्षाची चावी कोणाकडे राहणार ते त्यात लिहा. परीक्षेचे दिवस आहेत, मुले सकाळी सातलाच दारात उभी असतात.